एका ताईच्या हाती किती बाळे?

विदर्भातील शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या अखेरीस उघडतात. डिसेंबरच्या शेवटी बाळंत झालेली जिल्हा परिषदेची शिक्षिका आपली १८० दिवसांची प्रसूती रजा संपवून नेमकी त्याच सुमारास रुजू होते. तेव्हा बाळ सहा महिन्यांचे झालेले असते, मृगाचा पाऊस पडून गेलेला असतो, विहिरीला आणि नळाला गढूळ पाणी येऊ लागलेले असते, आणि तीस किलोमीटरवरच्या गावी एसटीने अपडाऊन करायचे असेल तर सकाळी आठच्या आत बाळाला कोणाच्या तरी स्वाधीन करून निघावे लागते. सासूला निंदणासाठी शेतात जायचे असते, माहेर दुसऱ्या जिल्ह्यात असते आणि नवऱ्याची नेमणूक तिसऱ्याच तालुक्यात असते. अशा वेळी तालुक्याच्या गावातले पाळणाघर हाच मार्ग उरतो. त्या पाळणाघरात इतक्या लहान बाळाला नेमके काय सोसावे लागते आणि ते का सोसावे लागते, एवढेच या लेखात पाहायचे आहे.

पाळणाघराच्या तोट्यांविषयी लिहिलेले बहुतेक लिखाण आईला दोष देऊन थांबते. बाळाला ताप आला की शाळेत फोन आईला जातो, रजा आई टाकते आणि ‘नोकरी कोणासाठी करता?’ हा प्रश्नही तिलाच विचारला जातो. वडिलांना तो विचारलेला माझ्या ऐकिवात नाही. शिवाय खेड्यातले बाळ एकट्या आईच्या हातावर वाढत असे, हा समजही खरा नाही. रोवणीच्या किंवा कापूसवेचणीच्या दिवसांत आई पहाटेच बाहेर पडे आणि बाळ आजी, काकू, आत्या, शेजारची म्हातारी अशा चार-पाच जणींच्या हातांतून फिरत दिवस काढत असे. तेव्हा एका बाळामागे अनेक हात होते. पाळणाघरात हेच गणित उलटे होते आणि दोन हातांमागे अनेक बाळे येतात. तान्ह्या मुलांच्या बाबतीत पाळणाघराचे जे तोटे दिसतात, त्यांतले बहुतेक या उलटलेल्या गणितातून निघतात.

आधी सहा महिन्यांच्या वयाचा विचार करू, कारण रजा संपण्याची वेळ आणि बाळाच्या शरीरातील बदलांची वेळ यांची गाठ फार वाईट पडते. गर्भात असताना आईच्या रक्तातील प्रतिपिंडे, म्हणजे रोगजंतूंना ओळखून निकामी करणारी प्रथिने, वारेतून बाळाकडे येतात. ही शिदोरी जन्मानंतर हळूहळू संपत जाते आणि साधारण सहाव्या महिन्यापर्यंत तिचा बराचसा भाग उरत नाही. बाळाची स्वतःची प्रतिकारशक्ती तोवर पुरती तयार झालेली नसते. पेंटाव्हॅलंट लसीचे तीन डोस सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात झालेले असले, तरी गोवर-रुबेलाची पहिली लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर मिळते. याच सहाव्या महिन्यापासून निव्वळ अंगावरचे दूध पुरेनासे होते आणि वरचे अन्न सुरू करावे लागते. वरचे अन्न म्हणजे वाटी, चमचा, पाणी आणि दुसऱ्याचे हात, अर्थात जंतूंना पोटात जाण्याचे चार नवे मार्ग. आणि याच काळात बाळ रांगू लागते व हाताला येईल ती वस्तू तोंडात घालते.

अशा अवस्थेतली पाच-सात बाळे एका खोलीत ठेवली की एकाची सर्दी सगळ्यांची होते. घरीच वाढणाऱ्या लहान मुलालाही वर्षाला सहा ते आठ वेळा सर्दी-खोकला होणे हे बालरोगतज्ज्ञ नेहमीचे मानतात. पाळणाघरात हा आकडा पहिल्या वर्षी त्याहून वर जातो. सर्दीमागून कानाचे दुखणे येते, कारण नाकाचा मागचा भाग कानाशी जोडणारी नळी लहान बाळात आखूड आणि जवळजवळ आडवी असते, त्यामुळे शेंबडातला संसर्ग कानात सहज पोहोचतो. पावसाळ्यात त्यात हगवणीची भर पडते. लंगोट बदलणारा हात साबणाने न धुता तसाच दुसऱ्या बाळाच्या वाटीला लागला, तर एकाचे जुलाब दोन दिवसांत चौघांना होतात. हात, पाय आणि तोंडात फोड येणारा विषाणूचा आजारही असाच खोलीभर पसरतो. तो बहुधा सौम्य असतो, परंतु तोंडातल्या फोडांमुळे बाळ दूध तोडते आणि आईची आणखी एक आठवड्याची रजा जाते.

याला एक दुसरी बाजू आहे. लहानपणी पाळणाघरात वारंवार आजारी पडलेली मुले शाळेत जाऊ लागल्यावर कमी आजारी पडतात, असे अमेरिकेतील टूसॉन येथील मुलांच्या दीर्घकालीन पाहणीत दिसले. म्हणजे सर्दीचा हप्ता आज भरायचा की उद्या, एवढाच प्रश्न उरतो. मला हा युक्तिवाद मोठ्या बाळापुरता पटतो, सहा महिन्यांच्या बाळापुरता पटत नाही. चार वर्षांच्या मुलाची सर्दी आणि सहा महिन्यांच्या बाळाची सर्दी यांत फरक आहे, कारण तान्ह्या बाळाच्या अरुंद श्वासनलिकेत थोडी सूज आली तरी श्वास अडतो, आणि जिथून रुग्णालय चाळीस-पन्नास किलोमीटर दूर आहे तिथे हा हप्ता शहरापेक्षा महाग पडतो. म्हणून प्रत्येक आईवडिलांना आणि पाळणाघरातील प्रत्येक बाईला एक मोजणी आली पाहिजे: शांत असलेल्या बाळाच्या छातीचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजावेत, दोन महिने ते एक वर्षाच्या बाळात ते पन्नास किंवा अधिक असतील, किंवा श्वास घेताना फासळ्यांखाली खड्डा पडत असेल, तर तो न्यूमोनिया असू शकतो आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा लागतो. आशाताई घरभेटीला येतात तेव्हा त्या हे शिकवू शकतात. पंधरा महिन्यांपर्यंत ठरावीक अंतराने त्यांनी बाळाला भेटावे अशी योजनाच आहे. परंतु त्या येतात तेव्हा घराला कुलूप असते, हीदेखील नोकरदार घराची एक न दिसणारी हानी आहे.

आता हातांच्या गणिताकडे वळू. आठ तासांत एका तान्ह्या बाळाला किती वेळ द्यावा लागतो, याचा ढोबळ हिशेब कोणत्याही आजीला मांडता येईल. चार वेळा दूध किंवा भरवणे, प्रत्येकी वीस मिनिटे धरली तर ऐंशी मिनिटे होतात. सहा वेळा लंगोट बदलणे आणि धुणे-पुसणे, प्रत्येकी पाच मिनिटे, म्हणजे तीस. दोनदा थोपटून निजवणे, प्रत्येकी वीस मिनिटे, म्हणजे चाळीस. एकूण दीडशे मिनिटे, अडीच तास. यात खेळवणे, बोलणे, कडेवर घेऊन दारात उभे राहणे, काहीच धरलेले नाही. या हिशेबाने एका बाईच्या आठ तासांत जेमतेम तीन बाळे मावतात. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने एक वर्षाखालील तीन बाळांमागे एक सांभाळणारी व्यक्ती असावी असे सांगितले आहे. ते परदेशी चोचले नसून आपल्याच आजीचा हिशेब आहे. आपल्याकडे २०१८ मध्ये केंद्र सरकारने पाळणाघरांसाठी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत तीन वर्षांखालील दहा मुलांमागे एक, असे प्रमाण धरले आहे. त्या दहांतली पाच जरी तान्ही असली, तरी साडेबारा तासांचे काम आठ तासांत उरकायचे आहे, असा त्याचा अर्थ होतो.

उरलेले साडेचार तास मग कुठून तरी कापले जातात. दूध पाजताना बाळाला मांडीवर घेण्याऐवजी उशीला टेकवून बाटली तोंडात दिली जाते, त्यात दूध श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. लंगोट ओला तसाच राहतो. भरवताना बाळ तोंड फिरवते, थांबते, पुन्हा आ करते. ही गती सांभाळायला वेळ नसला की दोन घास कमी जातात, आणि दोन महिन्यांनी अंगणवाडीच्या वजनकाट्यावर ते दिसते. रडणाऱ्या बाळापुढे मोबाईल ठेवला जातो. क्वचित सर्दीचे औषध झोप यावी म्हणून दिले जाते. सर्दीवरील एका नेहमीच्या मिश्र औषधाबाबत ‘चार वर्षांखालील मुलांना देऊ नये’ असा इशारा छापण्याचा आदेश औषध महानियंत्रकांनी २०२३ मध्ये दिला, तो याच वयाच्या मुलांसाठी होता. यांतल्या कोणत्याही गोष्टीमागे पाळणाघरातल्या ताईचे मन दुष्ट असते असे नाही. घड्याळ तिच्या विरुद्ध असते.

या अपुऱ्या वेळेतच लळ्याचा प्रश्न येतो. सातव्या-आठव्या महिन्याच्या सुमारास बाळ माणूस धरू लागते, म्हणजे ओळखीचा आणि परका असा भेद करू लागते आणि परक्याने घेतले की रडते. डोळ्यांआड गेलेली आई कुठेतरी आहे एवढे त्याला याच सुमारास कळू लागते, पण ती परत येणार आहे हे कळत नाही, त्यामुळे निरोपाचे रडे साधारण दहाव्या ते अठराव्या महिन्यात सर्वांत तीव्र असते. सहा महिन्यांची रजा संपवून रुजू झालेली आई महिन्याभरातच त्या चढाला लागते. रडणे हे स्वतः हानिकारक नाही. लळा लागल्याची ती खूण आहे. हानी होते ती बाळाने दुसरा लळा लावून घ्यायचा आणि ज्या बाईला तो लावला ती दोन महिन्यांत काम सोडून जायची, यात. बाळ दोन-तीन माणसांशी पक्के नाते जोडू शकते, आजी-काकूंच्या घरात ते पूर्वीपासून जोडत आले आहे, पण त्यासाठी माणूस तोच राहावा लागतो. तालुक्याच्या गावातील पाळणाघरांत पगार इतका तुटपुंजा असतो की सोयाबीन काढणीचा हंगाम आला की मदतनीस शेतमजुरीला निघून जाते, आणि तिला त्याबद्दल बोलण्याचा अधिकार त्या पगारामुळे कोणालाच उरत नाही.

या विषयावर ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांचा १९५१ मधील जागतिक आरोग्य संघटनेसाठीचा अहवाल नेहमी पुढे केला जातो. तो अहवाल घर हरवलेल्या, संस्थांत वाढणाऱ्या मुलांविषयी होता. संध्याकाळी आईच्या कडेवर घरी जाणाऱ्या बाळाला तो जसाच्या तसा लावणे हा अन्याय आहे. रोज घरी जाणाऱ्या मुलांचा मोठा अभ्यास अमेरिकेत १९९१ मध्ये सुरू झाला आणि दहा ठिकाणच्या १,३६४ मुलांचा पाठपुरावा त्यात वर्षानुवर्षे केला गेला. त्यातून निघालेले उत्तर दोन्ही बाजूंच्या लोकांना गैरसोयीचे आहे. नुसत्या पाळणाघरात जाण्याने आईशी असलेले नाते बिघडत नाही. मात्र घरीही बाळाच्या खुणांकडे फारसे लक्ष नाही आणि पाळणाघरही निकृष्ट, किंवा तास फार, किंवा माणसे सतत बदलणारी, असे दुहेरी झाले की नाते डळमळते. पाळणाघरात अधिक तास काढलेल्या मुलांत साडेचार वर्षांच्या वयात हट्ट, मारामारी, न ऐकणे थोडे अधिक आढळले, तरी ते बहुतेक मुलांत नेहमीच्या मर्यादेतच होते. चांगल्या पाळणाघरातील मुलांची भाषा उलट पुढे होती. आणि या सगळ्यांहून मोठा प्रभाव घराचा होता.

‘अधिक तास’ या शब्दांवर थोडे थांबले पाहिजे. शरीरात ताणाच्या वेळी स्रवणारे कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक सकाळी वर असते आणि दिवसभर उतरत जाते, असा निसर्गाचा क्रम आहे. पाळणाघरातील लहान मुलांच्या लाळेतील कॉर्टिसॉल मोजल्यावर ते दुपारकडे उतरण्याऐवजी चढताना अनेक अभ्यासांत दिसले, आणि तीन वर्षांखालील मुलांत ते अधिक स्पष्ट होते. ही वाढ सौम्य असते, तिने घाबरून जाऊ नये, परंतु गर्दीत घालवलेली दुपार लहान मुलाला थकवते हे तिच्यावरून समजते. संध्याकाळी घरी आल्यावर बाळ विनाकारण किरकिरते, त्यामागे ही थकावट असते. आता अपडाऊनचा हिशेब करावा: शाळा सहा तासांची, पण एसटीची वाट, प्रवास आणि चुकलेली गाडी धरून बाळ नऊ ते दहा तास बाहेर राहते. शिक्षिकेच्या नोकरीचे तास आणि तिच्या बाळाच्या ‘नोकरी’चे तास वेगळे आहेत.

कॅनडातील क्यूबेक प्रांताने १९९७ पासून दिवसाला पाच डॉलरमध्ये पाळणाघर उपलब्ध करून दिले. नोकरी करणाऱ्या आयांची संख्या वाढली, पण बेकर, ग्रुबर आणि मिलिगन या अर्थतज्ज्ञांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुलांत चिंता, आक्रमकपणा आणि आजारपण वाढल्याचेही दाखवले. जागा झपाट्याने वाढवल्या की दर्जा मागे राहतो, हा त्याचा एक नेहमी दिला जाणारा अर्थ आहे. अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची केंद्राची ‘पाळणा’ योजना आपल्याकडे मिशन शक्तीखाली आली आहे, तिच्याकडे पाहताना हे लक्षात ठेवावे. अंगणवाडीताईच्या हाती आधीच नोंदवह्या, पोषण आहार, लसीकरण आणि सर्वेक्षणे आहेत. तीन वर्षांखालील मुलांना अंगणवाडी आजवर घरी न्यायचा आहार देत आली, त्यांना दिवसभर सांभाळत नव्हती, हे शहरातल्या वाचकाला सहसा ठाऊक नसते.

विदर्भाचे म्हणून जे तोटे आहेत, ते परदेशी अभ्यासांत सापडत नाहीत. पहिला उन्हाचा. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि अनेक पाळणाघरे टिनाच्या छपराखाली किंवा वरच्या मजल्याच्या तापलेल्या खोलीत चालतात. बाळाच्या शरीराचे आकारमान लहान आणि त्या मानाने कातडीचा विस्तार मोठा असल्याने ते लवकर तापते, त्याला पाणी मागता येत नाही, आणि सुस्त पडलेले बाळ ‘छान झोपले आहे’ असे समजले जाते. उपाय म्हणून कूलर लावला जातो. कूलरच्या विजेचा धक्का लागून माणसे दगावल्याच्या बातम्या आपल्याकडे दर उन्हाळ्यात येतात. रांगणाऱ्या बाळाच्या हाताला लोखंडी कूलर, ओली फरशी आणि उघडी तार लागू शकेल अशी खोली कितीही थंड असली तरी ती बाळाची खोली नव्हे. त्याच कूलरच्या टाकीत आठवडाभर साचलेल्या पाण्यात डासही होतात.

दुसरा दुधाचा. काढून ठेवलेले आईचे दूध चार तास बाहेर राहते, असे पुस्तकांत लिहिलेले असते, पण ते पंचवीस अंश तापमानासाठी लिहिलेले असते. एप्रिलच्या वर्ध्यात त्या वाक्याचा उपयोग नाही. फ्रिजमध्ये ते चार दिवस टिकते. भारनियमन असेल तर बर्फाच्या पिशव्या भरलेल्या थंड डब्यात चोवीस तास टिकते. एवढी सोय नसली की दूध फेकावे लागते, मग ताई वरचे दूध सुरू करते, आईच्या अंगावरचे दूध ओढले न गेल्याने आटत जाते आणि दोन वर्षे चालावे असे स्तनपान आठव्या महिन्यातच सुटते. स्तनपान सुटले की आजारांविरुद्धची उरलीसुरली ढालही जाते. तिसरा तोटा बोलीचा आहे, आणि तो मेळघाटात किंवा गडचिरोलीत विशेष जाणवतो: घरी कोरकू किंवा गोंडी ऐकणारे बाळ दिवसभर ‘बस’, ‘खा’, ‘झोप’ एवढीच मराठी ऐकते. दोन भाषांनी बाळ गोंधळत नाही. पण कोणत्याच भाषेत कोणी त्याच्याशी निवांत बोलले नाही, तर बोलणे उशिरा येते.

हे सारे तोटे खरे असले तरी त्यांची तुलना कशाशी करायची, हे नोकरदारांच्या घराबाहेर पडल्यावर बदलते. शेतमजूर बाईला सहा महिन्यांची भरपगारी रजा नाही. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात २०१७ मध्ये झालेल्या दुरुस्तीने रजा सव्वीस आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची सक्ती आली, पण कापसाच्या शेताला हा कायदा लागत नाही. तिच्या वाट्याला पहिल्या बाळासाठी मातृवंदना योजनेचे पाच हजार रुपये येतात. ‘लेकराले कोनापाशी ठेवू?’ या तिच्या प्रश्नाला एक उत्तर धुऱ्यावरच्या झाडाला लुगड्याची झोळी हे असते आणि दुसरे उत्तर नऊ वर्षांची थोरली लेक हे असते. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजुरांचे बळी गेले, त्या पिकाच्या कडेला झोळी टांगण्यापेक्षा साधारण पाळणाघरही बरे. आणि थोरली लेक बाळ सांभाळते तेव्हा एका बाळाच्या सांभाळाची किंमत दुसरे मूल शाळा बुडवून भरते. रोजगार हमीच्या कामावर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असली तर त्यांना सांभाळण्यासाठी एका बाईला मजुरीवर नेमण्याची तरतूद कायद्यात आहे. ती मागितल्याशिवाय सहसा मिळत नाही, म्हणून ग्रामसभेत मागावी.

पाळणाघर निवडताना भिंतीवरची चित्रे पाहू नयेत. दुपारी दोनच्या सुमारास न कळवता जावे, कारण तेव्हा ताई थकलेली आणि बाळे किरकिरलेली असतात. एका बाईकडे किती तान्ही आहेत ते मोजावे, आणि ही बाई येथे किती दिवसांपासून आहे हे विचारावे. हात धुण्याचे पाणी व साबण लंगोट बदलण्याच्या जागेपासून किती पावलांवर आहे, ते पाहावे. निजलेली बाळे पाठीवर निजवली आहेत की पालथी, हेही पाहावे. पाठीवरच निजवलेली असावीत. ताप किंवा जुलाब असलेल्या बाळाला त्या दिवशी घेत नाहीत, असा नियम असेल तर रागावू नये, तो आपल्याच बाळासाठी आहे. पहिला आठवडा रजेच्या शेवटच्या आठवड्यात धरावा आणि आईने किंवा वडिलांनी स्वतः तिथे बसून तास हळूहळू वाढवावेत. राज्य शासनाच्या व जिल्हा परिषदेच्या महिला कर्मचाऱ्यांना २०१८ पासून बालसंगोपन रजा मिळते. ती दहावीच्या परीक्षेसाठी राखून ठेवण्याची रीत पडली आहे, पण बाळ सहा महिन्यांवरून नऊ महिन्यांचे होईपर्यंतचे दिवस या रजेसाठी अधिक मोलाचे आहेत.

एक निर्णय मात्र बहुतेक घरांत विचार न करता घेतला जातो, तो म्हणजे पाळणाघर राहत्या गावी शोधायचे. कायद्याने बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत कामाच्या वेळेत दोनदा पाजण्याची सुट्टी दिली आहे, पण बाळ तीस किलोमीटर दूर असेल तर ती कागदावरच राहते. बाळाला सोबत नेऊन शाळेच्या गावातच, शाळेलगतच्या घरी, एखाद्या जाणत्या बाईकडे ठेवले तर एसटीचा धक्का बाळालाही बसतो हे खरे. परंतु सांभाळणाऱ्या बाईकडे ते एकटेच बाळ असते, मधल्या सुट्टीत आई येऊन पाजून जाते, दूध काढून ठेवावे लागत नाही, आणि दहा तासांची ताटातूट तीन-तीन तासांच्या दोन तुकड्यांत विभागली जाते. त्या बाईला मात्र पाळणाघराच्या फीपेक्षा जास्त पैसे द्यावे लागतील, आणि पावसाळ्यात नाल्याला पूर आला की त्या दिवशी बाळासह शाळेच्या गावी मुक्काम करण्याची तयारीही ठेवावी लागेल.